व्यंगचित्रातला काल आणि आज : इतिहासाच्या नव्या शिक्षकांसाठी

जुनं राजकीय व्यंगचित्र वर्गात दाखवलं की पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, "सर, आजही असंच चाललंय की!" वर्ग हसतो, सरांनाही बरं वाटतं आणि तास संपतो. मुलांनी भूतकाळ वर्तमानाशी जोडला, अशी आपण आपली समजूत घालून घेतो. पण "आजही असंच" हे तर पानटपरीवरही ऐकायला मिळतं, त्यासाठी इतिहासाची तासिका कशाला? काल आणि आज यांत काय बदललं आणि ते का बदललं, हे मुलांच्या तोंडून काढून घ्यायचं, ते आपलं काम. सारखेपणा त्यांना न शिकवता सापडतो. फरक शोधायला मात्र लावावं लागतं.

पुढे दिलेली पद्धत नववी-दहावीच्या वर्गांसाठी आहे. अकरावी-बारावीला थोडा फेरफार केला की चालते. नाशिक शहरात आणि जिल्ह्यात शिकवणारे डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, त्यामुळे कांदा येणार, त्याला इलाज नाही. दहावीच्या पुस्तकात 'उपयोजित इतिहास' आणि 'प्रसारमाध्यमे आणि इतिहास' ही प्रकरणं आहेत. "हे अभ्यासक्रमात कुठे बसतं?" असं मुख्याध्यापकांनी विचारलं, तर त्यांवर बोट ठेवा. एकूण तीन तासिका धरा. एका तासिकेत उरकायला गेलात तर फक्त हसणं होतं.

चित्र निवडणं

पहिलं चित्र परदेशी आणि जुनं घ्या. आपल्या पुढाऱ्याचं चित्र समोर आलं की अर्धा वर्ग त्याच्या बाजूने आणि अर्धा विरुद्ध होतो, चित्र कुणी बघतच नाही. बिस्मार्कबद्दल सिडकोतल्या किंवा सिन्नरच्या पोरांचं काही म्हणणं नसतं, म्हणून ती चित्र नीट बघतात.

माझी पहिली पसंती जॉन टेनिएलच्या चित्राला. लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात ते २९ मार्च १८९० रोजी आलं. जर्मनीचा तरुण कैसर दुसरा विल्हेल्म याने चॅन्सेलर बिस्मार्कला पायउतार व्हायला लावलं, त्यावरचं. दुसरं चांगलं चित्र जेम्स गिलरेचं, १८०५ सालचं : ब्रिटनचा पंतप्रधान पिट आणि नेपोलियन जेवणाच्या टेबलावर बसून पृथ्वीचा गोळा पुडिंगसारखा कापताहेत. तिसरं डेव्हिड लोचं, सप्टेंबर १९३९ मधलं. पोलंडच्या प्रेतापाशी उभे राहून हिटलर आणि स्टालिन टोपी काढून एकमेकांना अदबीने अभिवादन करताहेत. तिन्ही चित्रांत माणसं कमी, प्रसंग एक, अक्षरं थोडी. सुरुवातीला एवढं बघा. ज्या चित्रात वीस माणसं आणि प्रत्येकाच्या सदऱ्यावर नाव लिहिलेलं, ते चित्र कितीही गाजलेलं असो, नवख्या वर्गापुढे नको.

ही चित्रं संग्रहालयांच्या आणि ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर मिळतात. भारतीय चित्रांसाठी मात्र पायपीट करा. मुंबईच्या 'हिंदी पंच'ने बंगालच्या फाळणीच्या काळात काँग्रेस आणि इंग्रज सरकार दोघांवरही भरपूर चित्रं काढली. 'मार्मिक' १३ ऑगस्ट १९६० ला सुरू झालं, त्याचे जुने अंक एखाद्या विद्यार्थ्याच्या आजोबांच्या ट्रंकेत निघू शकतात. मुलांना घरी विचारायला सांगा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, तिथल्या ग्रंथपालांना भेटून आपल्याला नेमकं काय हवं ते सांगा. 'आज'साठी रद्दीवाला पुरतो. फक्त कात्रण कापताना वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख त्याच क्षणी मागे लिहायची. तारीख नसलेलं व्यंगचित्र इतिहासाच्या वर्गात जवळजवळ निरुपयोगी असतं.

हक्कांचं थोडक्यात : भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. टेनिएल १९१४ मध्ये गेला, तिथे प्रश्नच नाही. आर. के. लक्ष्मण २०१५ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवर हक्क आहे. वर्गात शिकवण्यासाठी प्रत काढायला कायदा मुभा देतो, पण तीच प्रत शाळेच्या यूट्यूब चॅनेलवर चढवणं वेगळं. तो मोह टाळा.

पहिली तासिका : नुसतं बघणं

चित्राखालची ओळ झाकून झेरॉक्स काढा. साठ मुलांच्या वर्गाला पंधरा प्रती पुरतात, चौघांत एक. प्रोजेक्टर असेल तर उत्तम, पण हातात कागद असला की मुलं बोट ठेवून बोलतात, त्याची मजा पडद्यावर नाही. झेरॉक्सवाल्याला गडद काढायला सांगा, नाहीतर जुन्या कोरीवकामाच्या बारीक रेषा उडतात आणि बिस्मार्कच्या चेहऱ्याचा डाग होतो.

तीन मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग फक्त जे दिसतं ते सांगायचं. "तो राजा आहे" चालणार नाही, "त्याच्या डोक्यावर मुकुट आहे" चालेल. हा नियम पोरांना आधी जाचक वाटतो, पण इथे सैल सोडू नका. टेनिएलच्या चित्रात काय दिसतं? एका मोठ्या जहाजाची बाजू. जिन्यावरून एक थोराड, मिश्यांवाला म्हातारा खाली उतरतोय. अंगात खलाशाचा वेष, एक हात जहाजाला टेकलेला. वर कठड्यावर हात टेकून एक मुकुटवाला खाली बघतोय. म्हातारा वर बघत नाही. एवढ्या गोष्टी फळ्यावर आल्या की विचारा, "म्हाताऱ्याने वर बघितलं असतं तर चित्र बदललं असतं का?" इथून चर्चा खरी पेटते. कुणी म्हणेल तो रागावलाय, कुणी म्हणेल त्याला मान खाली घालायला लावलंय, कुणी म्हणेल त्याला फरकच पडत नाही. तिन्ही उत्तरं फळ्यावर लिहा आणि निकाल देऊ नका.

मग झाकलेली ओळ उघडा ('ड्रॉपिंग द पायलट', म्हणजे जहाजाच्या वाटाड्याला उतरवणं) आणि चार ओळींची माहिती द्या, जास्त नको : बिस्मार्क १८६२ पासून प्रशियाचा आणि १८७१ पासून एकीकृत जर्मनीचा कारभार हाकत होता. १८९० मध्ये तो पंचाहत्तरीला टेकलेला. कैसर एकतीस वर्षांचा. जहाजाला धोक्याच्या पाण्यातून बाहेर काढणारा जो जाणकार असतो, त्याच्या वेषात बिस्मार्क दाखवलाय. एवढ्यावर मुलं बाकीचं स्वतः जुळवतात.

इथे एक सापळा आहे. दहावीच्या हुशार मुलाला १९१४ माहीत असतं. तो म्हणणार, "सर, चित्रकाराला आधीच कळलं होतं की जहाज बुडणार!" नाही कळलं. १८९० मध्ये ते चित्र बघणाऱ्याला महायुद्ध माहीत नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की अनुभवी माणूस गेला आणि पोरसवदा राजा उरला. मुलांना विचारा, "त्या शनिवारी ज्याने हा अंक हातात घेतला, त्याला काय काय ठाऊक होतं? दोन याद्या करा, त्याला माहीत असलेलं आणि फक्त आपल्याला माहीत असलेलं." काल आणि आजची तुलना इथूनच सुरू होते, आजचं चित्र आणण्याच्या आधीच. माझ्या मते अख्ख्या पद्धतीतली ही सगळ्यात मोलाची दहा मिनिटं आहेत. घाई असेल तर बाकी काही गाळा, हे गाळू नका.

चित्र कुणाचं, कुणासाठी?

हा भाग दुसऱ्या तासिकेच्या सुरुवातीला. १८५७ आठवीत होऊन गेलेलं असतं, त्याचा फायदा घ्या. त्याच टेनिएलचं २२ ऑगस्ट १८५७ चं चित्र दाखवा : ब्रिटिश सिंह बंगालच्या वाघावर झेप घेतोय, वाघाखाली एक बाई आणि मूल पडलंय. आधी दिसतं ते सांगायचं, नेहमीसारखं. नंतर एकच प्रश्न : "यात हिंदी माणूस कुठे आहे?" शोधून शोधून मुलांच्या लक्षात येतं की नाहीच. आहे तो वाघ. शिपायाचं म्हणणं काय, काडतुसं काय, संस्थानं खालसा केली ते काय, यातलं काहीही या चित्रात मावत नाही.

याचा अर्थ चित्र खोटं म्हणून फेकून द्यायचं असा नाही. कानपूरला इंग्रज बायकामुलांची कत्तल झाली, तिथे नेमकं काय घडलं याचा पुरावा म्हणून ते कुचकामी आहे. लंडनमधल्या वाचकाला त्या ऑगस्टमध्ये काय वाटत होतं, किंवा त्याला काय वाटावं असं साप्ताहिकाला हवं होतं, याचा मात्र पक्का पुरावा आहे. दोनच महिन्यांनी त्याच 'पंच'ने गव्हर्नर जनरल कॅनिंगची तो बंडवाल्यांना दया दाखवतो म्हणून टर उडवली. ती माहिती जोडून द्या, म्हणजे सूडाची हवा किती तापली होती ते कळतं.

यानंतर मुलांच्या वहीत चार प्रश्न कायमचे उतरवून द्या. कुणी काढलं? कुठे छापलं? कोण विकत घेणार होतं? चित्रात कोण नाही? आजचं प्रत्येक चित्र, मोबाइलवर आलेलं मीमसुद्धा, याच चार प्रश्नांतून जाऊ द्या. मीमबाबत पहिल्या दोन प्रश्नांना बहुतेक वेळा उत्तरच मिळत नाही. हाच काल आणि आजमधला मोठा फरक आहे आणि तो मुलांना स्वतः सापडू द्यावा.

खुणा आणि त्यांचं वय

व्यंगचित्रकार खुणांवर जगतो. सिंह म्हणजे ब्रिटन, अस्वल म्हणजे रशिया, खुर्ची म्हणजे सत्ता. मुलांनी वहीच्या मागच्या पानावर खुणांची यादी ठेवावी, पण प्रत्येक खुणेपुढे साल लिहावं. कारण खुणा म्हाताऱ्या होतात, काही तर पार उलटतात.

गांधी टोपी घ्या. १९३० च्या सुमारास ती सत्याग्रह्याच्या डोक्यावर, लाठी खाणाऱ्याच्या. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच लक्ष्मण आणि इतरांच्या चित्रांत ती पोट सुटलेल्या पुढाऱ्याच्या डोक्यावर जाते, आणि चौकटीच्या कोटातला, धोतरातला, कधीही न बोलणारा सामान्य माणूस शेजारून ते बघत राहतो. ऑगस्ट २०११ मध्ये राळेगणसिद्धीचे अण्णा रामलीला मैदानावर बसले आणि तीच टोपी भ्रष्टाचारविरोधाची झाली, पुढे एका पक्षाचीही झाली. टोपी तीच, ऐंशी वर्षांत चार अर्थ. तीन-चार चित्रं तारीख झाकून द्या आणि टोपीचा अर्थ बघून ती काळाच्या क्रमाने लावायला सांगा. वर्गातल्या शांत पोरांनाही हा खेळ आवडतो. घरच्या आजोबांच्या टोपीबद्दल सांगायला हात वर होतात, विशेषतः ग्रामीण शाळांत.

तीन रकाने

आता खरी तुलना. फळ्यावर तीन रकाने आखा : सारखं, वेगळं, वेगळं का. नियम असा की 'सारखं'मध्ये एक नोंद केली की 'वेगळं'मध्ये दोन झाल्याच पाहिजेत आणि प्रत्येकीचं कारण तिसऱ्या रकान्यात आलं पाहिजे. "तेव्हा राजा होता, आता नाही" एवढ्यावर सुटका नाही, त्याने काय फरक पडतो ते सांगायचं.

बिस्मार्कचं चित्र पुन्हा काढा. अनुभवी माणूस उतरतोय, नवा माणूस वरून बघतोय, असं आज कुठे दिसतं? मुलं आधी राज्याच्या राजकारणावर उडी मारतील. हळूच ग्रामपंचायतीकडे, सहकारी संस्थेकडे, क्रिकेटच्या संघाकडे वळवा. 'सारखं' पटकन भरतं. मग विचारा, "बिस्मार्कला काढायला किती जण लागले?" एक. कारण तिथे चॅन्सेलर सम्राटाच्या मर्जीवर असायचा. आपल्याकडे मुख्यमंत्र्याला उतरवायचं तर विधानसभेतलं बहुमत फिरावं लागतं, नाहीतर पक्षाने नेता बदलावा लागतो. म्हणजे टेनिएलचं चित्र आज महाराष्ट्रासाठी काढायचं तर कठड्यावर एकटा मुकुटवाला चालणारच नाही, तिथे आमदारांची गर्दी काढावी लागेल, आणि कदाचित त्यातले काही जण दुसऱ्याच जहाजाकडे बघत असतील. मुलांना ते काढायला लावा. कुठल्याही पक्षाचं नाव न घेता संसदीय पद्धत शिकवून होते.

कांदा : कुणाच्या डोळ्यांत पाणी?

स्थानिक विषय निवडायचा तर नाशिक जिल्ह्यात कांद्याला तोड नाही. भाव चढले की कांद्यावर व्यंगचित्रं येतातच : तिजोरीतला कांदा, दागिन्यासारखा कांदा, पिशवी रिकामी घेऊन रडणारी गृहिणी. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याचा भाव प्रचारात आणला. १९९८ च्या शेवटी दिल्ली राज्यातलं सरकार विधानसभा निवडणुकीत हरलं, त्यातही कांद्याच्या भडक्याचा हात होता. शहरी वर्तमानपत्रांचा वाचक कांदा विकत घेणारा, म्हणून चित्रातलं पाणी त्याच्या डोळ्यांत.

आता निफाड, चांदवड, येवल्याच्या वर्गात हे चित्र ठेवा आणि चौथा प्रश्न विचारा : कोण नाही? उत्तर यायला वेळ लागत नाही. ज्याची कांदा साठवायची चाळ आहे तो नाही. लासलगावच्या लिलावात ट्रॅक्टर घेऊन उभा आहे तो नाही. १४ सप्टेंबर २०२० ला निर्यातबंदी झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं आणि जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला पुन्हा निर्यातबंदी आली. या प्रत्येक तारखेला दिल्लीतल्या गृहिणीचं आणि लासलगावच्या शेतकऱ्याचं चित्र एकमेकांच्या उलट निघेल. एक तारीख, दोन गट : अर्ध्या वर्गाने घेणाऱ्याचं चित्र काढायचं, अर्ध्याने पिकवणाऱ्याचं.

मग तीन रकाने. १९८० आणि २०२३. सारखं काय, तर भाव चढला की सरकार घाबरतं. वेगळं काय? इथे मुलांना घरी पाठवा. १९८० मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ऊस आणि कांद्याच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात रास्ता रोको केला होता, तो बघितलेली माणसं घराघरांत आहेत. मुलांनी त्यांना तीनच प्रश्न विचारावेत : तेव्हा भाव कसा कळायचा? माल कुठे जायचा? सरकारपर्यंत म्हणणं कसं पोचवायचात? आज लिलाव सुरू असतानाच भाव मोबाइलवर फिरतो, निर्यातीचा निर्णय दुपारी झाला तर संध्याकाळी चाळीपाशी त्याची चर्चा असते. 'वेगळं का'चा रकाना आजोबांनी भरलेला असतो, तो पुस्तकात सापडत नाही.

जाता जाता : व्यंगचित्रकारांच्या चुका काढायला या मुलांना फार आवडतं. मे महिन्याच्या चित्रात गर्द लाल कांदा दिसला की "सर, तेव्हा उन्हाळ कांदा असतो, हा लाल कुठून आला?" असं ऐकू येतं. काढू द्या. साधनाची चिकित्सा म्हणतात ती हीच.

आणीबाणीचा बाथटब

नववीत १९६० नंतरचा भारत आहे, तिथे अबू अब्राहम यांचं १० डिसेंबर १९७५ चं चित्र हवंच. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद बाथटबमध्ये बसलेत, सही केलेला कागद दाराबाहेर देताहेत आणि म्हणताहेत की आणखी वटहुकूम असतील तर त्यांना जरा थांबायला सांगा. सेन्सॉरशिप चालू असताना हे 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये छापून आलं. त्याच वर्षी ऑगस्टअखेर व्यंगचित्रकार शंकर यांनी आपलं व्यंगचित्रांचं साप्ताहिक 'शंकर्स वीकली' बंद केलं. ही दोन्ही तथ्यं शेजारी ठेवा आणि मुलांना त्यांवर बोलू द्या.

'आज'साठी वटहुकूम शोधायला लावा. घटनेचं कलम १२३ वाचून दाखवा : संसद चालू नसताना राष्ट्रपती वटहुकूम काढू शकतात, संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो. जून २०२० मध्ये शेतीचे तीन वटहुकूम आले, त्यांतल्या एकाने कांदा अत्यावश्यक वस्तूंच्या नेहमीच्या निर्बंधांतून बाहेर काढला, आणि सप्टेंबरात निर्यातबंदीही आली. 'सारखं'मध्ये काय येईल ते उघड आहे. 'वेगळं' मात्र जबाबदारीने भरून घ्या : २०२० मध्ये आणीबाणी नव्हती, विरोधी नेते सरसकट तुरुंगात नव्हते, शेतकरी वर्षभर रस्त्यावर बसले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ते कायदे मागे घेतले गेले. "दोन्ही सारखंच" म्हणणाऱ्यालाही आणि "तुलनाच चुकीची" म्हणणाऱ्यालाही हा रकाना गप्प बसू देत नाही.

जिथे जपून चालायचं

शंकर यांचं १९४९ चं एक चित्र : 'घटना' नावाच्या गोगलगायीवर डॉ. आंबेडकर चाबूक घेऊन बसलेत, मागे नेहरूंनी चाबूक उगारलाय, लोक बघताहेत. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात ते होतं. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, पळशीकरांच्या पुण्यातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. नंतर सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

हे चित्र शाळेच्या वर्गात नको, असं माझं मत आहे. पदवीच्या वर्गात जरूर घ्या. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला याच शहरात सुरू झाला, येवल्याची धर्मांतराची घोषणा १९३५ ची. इथल्या अनेक घरांत बाबासाहेब पुस्तकातून आलेले नाहीत, पणजोबांच्या आठवणीतून आले आहेत. नेहरूंचा चाबूक गोगलगायीवर आहे की बाबासाहेबांवर, हा प्रश्न अशा घरातल्या मुलाला निव्वळ चित्रवाचनाचा वाटणार नाही, आणि वाटावा अशी अपेक्षाही करू नये. पदवीच्या मुलांपुढे मात्र चित्राइतकंच २०१२ ठेवा : १९४९ च्या वाचकाला ज्यात घटनेच्या दिरंगाईची थट्टा दिसली, त्यात त्रेसष्ट वर्षांनी इतक्या लोकांना अपमान का दिसला? मधल्या काळात वाचणारा कोण बदलला, शिकून पुढे कोण आला, बोलायला कुणाला जागा मिळाली? काल-आज तुलनेचा याहून कसदार नमुना माझ्या माहितीत नाही.

बाकी पथ्यं सरळ आहेत. जात, धर्म, बाईचं शरीर, रंग, व्यंग यांवर विनोद करणारं जुनं चित्र दाखवायचं तर त्यावर बोलायला पूर्ण वेळ हाताशी हवा, नाहीतर दाखवू नका. चित्रांच्या प्रती मुख्याध्यापकांना आधी दाखवून ठेवा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की 'आज'चा भाग पुढे ढकला, अगदी रस्त्यातल्या खड्ड्यांवरचं चित्र असलं तरी. चालू नेत्यांपेक्षा चालू प्रश्न निवडले की निम्मी डोकेदुखी जाते : गोदावरीचं पाणी, सिंहस्थाची कामं, शहरात शिरणारा बिबट्या.

तिसरी तासिका : मुलांनी काढायचं

"सर, मला चित्र येत नाही" हे साठातली पन्नास मुलं म्हणतील. काड्यांची माणसं चालतात, हे तुम्हीच फळ्यावर काढून दाखवा, जितकं वाईट काढाल तितकं बरं.

विषय हवा असेल तर नाशिकचाच घ्या. १९६२ च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी आहे. ते वाक्य म्हणजे अर्धं व्यंगचित्रच. मुलांनी ते दोनदा काढायचं : एकदा १९६३ मधल्या नाशिककराच्या नजरेने, एकदा आजच्या. आजच्या चित्रात सह्याद्री दिल्लीला जाताना कुणी अडवतोय का, हिमालय त्याला ओळखतो का, का सह्याद्रीच मदत मागायला निघालाय, हे ज्याचं त्याने ठरवावं. प्रत्येक चित्राखाली सहा-सात ओळी : दोन चित्रांत काय बदललं आणि का.

दहा गुण असतील तर चित्राला शून्य द्या. निरीक्षणाला दोन, संदर्भाला तीन आणि फरक कारणासह सांगितल्याला पाच. गुणांची ही विभागणी आधीच फळ्यावर लिहा, म्हणजे छान चित्र काढणारा गाफील राहत नाही आणि न येणारा हात आखडत नाही. चित्रं परत देण्यापूर्वी त्यातली आठ-दहा मुलांची परवानगी घेऊन ठेवून घ्या. मागे तारीख, इयत्ता आणि त्या आठवड्यात वर्तमानपत्रात काय गाजत होतं ते दोन ओळींत लिहा. मुलाचं नाव नको. दोन-तीन वर्षांनी पुढच्या वर्गाला 'काल' म्हणून हीच चित्रं द्यायची आहेत, आणि तेव्हा त्या दोन ओळी नसतील तर तुम्हालाही विनोद कळणार नाही.